फॉरमॅट करण्याआधी 'प्रॉक्सी'ची टिक बघा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शेतकरी ओळखपत्र, शिष्यवृत्तीचा अर्ज अशा कामांसाठी गावच्या किंवा तालुक्याच्या सेवा केंद्रात गेलेल्या कास्तकाराला 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' हे वाक्य पाठ झाले आहे. पुष्कळदा सर्व्हर खरेच बंद असतो. पण कधी सर्व्हर शाबूत असतो, केबल शाबूत असते, रांगेतल्या पोराच्या मोबाइलवर तेच संकेतस्थळ उघडते आणि केंद्रातला संगणक तेवढा 'नो इंटरनेट' म्हणत बसतो. असा संगणक दुकानात नेला की एकच औषध मिळते : फॉरमॅट. त्याने नेट सुरू होते, वाद नाही. मात्र सोबत डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे ड्रायव्हर, अंगठ्याच्या यंत्राची सेवा, प्रिंटर, मराठी फॉन्ट आणि कधी लोकांचे स्कॅन करून ठेवलेले कागदही जातात. सगळे पुन्हा बसवेपर्यंत केंद्राचे दोन दिवस मोडतात. ज्या बिघाडाबद्दल हे पत्र आहे, तो बहुतेक वेळा एका चौकोनातली टिक काढण्याएवढाच असतो. फक्त कामाचा क्रम चुकता कामा नये.

ब्राउझर एखाद्या संकेतस्थळावर थेट जातो, नाहीतर 'प्रॉक्सी' नावाच्या मधल्या संगणकामार्फत जातो. प्रॉक्सी म्हणजे अडत्या समजा. माल त्याच्या ओट्यावरून गेला की वजन, भाव, माल कोणाचा, सगळे त्याला दिसते. घातक सॉफ्टवेअर संगणकात शिरले की स्वतःच असा अडत्या होऊन बसते आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये लिहून ठेवते की यापुढे सगळी ये-जा माझ्या पत्त्यावरून. हा पत्ता बहुधा १२७.०.०.१ असा असतो, म्हणजे 'हाच संगणक', आणि त्यापुढे पोर्टचा, म्हणजे त्या पत्त्यावरच्या दाराचा, आकडा, ८०८० किंवा असाच काही. या वाटेवर बसून ते पानांत जाहिराती घुसडते, गुगलवरचा शोध भलतीकडे वळवते आणि ज्या पानाला सुरक्षेचे कुलूप नाही तिथे भरलेली माहिती सरळ वाचते.

पुढे अँटिव्हायरस चालवला जातो. तो चोराला पकडून बाहेर काढतो, पण सेटिंगमधला पत्ता पुष्कळदा तसाच राहतो. अडत्याच्या दुकानाला कुलूप लागले तरी बैलबंडी रोज त्याच दुकानापुढे जाऊन उभी. म्हणून नेट बंद पडते ते व्हायरस असताना नव्हे, तो गेल्यावर. 'अँटिव्हायरस टाकला आणि नेटच गेले' ही तक्रार खरी असते, पण अँटिव्हायरस काढून टाकणे हा तिच्यावरचा इलाज नाही. मोठ्या प्रमाणावर हेच एकदा घडले आहे. डीएनएस चेंजर नावाचे घातक सॉफ्टवेअर पसरवणारी टोळी नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या तपासातून पकडली गेली. शंभराहून जास्त देशांतल्या सुमारे ४० लाख संगणकांची डीएनएस सेटिंग या टोळीने बदलली होती (डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगणारी यंत्रणा). टोळीचे सर्व्हर लगेच बंद केले असते तर या सगळ्यांचे नेट एका क्षणात गेले असते. म्हणून न्यायालयाच्या परवानगीने त्यांच्या जागी चांगले सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले. चोर गजाआड होते, बदललेल्या सेटिंग लोकांच्या घरी होत्या.

बिघाड याच जातीचा आहे का, हे पाच मिनिटांत कळते. क्रोम किंवा एजच्या पडद्यावर 'समथिंग राँग विथ द प्रॉक्सी सर्व्हर' असे वाक्य आणि खाली 'प्रॉक्सी कनेक्शन फेल्ड' असा संकेत असेल, किंवा फायरफॉक्स 'द प्रॉक्सी सर्व्हर इज रिफ्यूझिंग कनेक्शन्स' म्हणत असेल, तर निदान तिथेच झाले. संदेश मोघम असेल तर विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा, उघडलेल्या 'रन' खिडकीत सीएमडी लिहा, एंटर करा. काळ्या खिडकीत पिंग, एक जागा सोडून ८.८.८.८ टाका. या पत्रातल्या आज्ञा छपाईसाठी देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अक्षरे आणि आकडे इंग्रजीच हवेत. 'रिप्लाय फ्रॉम' अशा चार ओळी आल्या तर लाइन जिवंत आहे. मग आकड्याच्या जागी गुगल डॉट कॉम टाकून पाहा. आकड्याला उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर दोष डीएनएसमध्ये. दोन्हींना येते आणि ब्राउझर गप्प, तर प्रॉक्सी. ही परीक्षा सरकारी संकेतस्थळाचे नाव टाकून करू नका. पुष्कळ संकेतस्थळे पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत आणि मग चालू असलेले संकेतस्थळही बंद वाटते. शेवटी संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडून बघा. तिथेही तेच रडगाणे असेल तर दोष संगणकात. हॉटस्पॉटवर सुरळीत चालत असेल तर राउटरकडे वळा.

आता क्रमाबद्दल, कारण बहुतेक दुरुस्त्या इथेच फसतात. आधी घातक सॉफ्टवेअर काढायचे, मग सेटिंग सुधारायची, आणि पासवर्ड सगळ्यात शेवटी बदलायचे. उलटे केले तर टिक काढली की दहा मिनिटांनी किंवा संगणक पुन्हा सुरू केल्यावर ती परत येते. असे झाले की समजा, चोर अजून घरात आहे.

काढायला सुरुवात कंट्रोल पॅनेलमधल्या 'प्रोग्राम्स अँड फीचर्स'पासून करा. यादी बसवल्याच्या तारखेनुसार लावा आणि बिघाड सुरू झाला त्या सुमारास काय आले ते पाहा. मग 'विंडोज सिक्युरिटी', त्यात 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', 'स्कॅन ऑप्शन्स' आणि शेवटी 'ऑफलाइन स्कॅन'. यात विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेल्याला स्वतःला वाचवता येत नाही. साधारण पंधरा मिनिटे लागतात. भारनियमनाची वेळ पाहून लावा. स्कॅनच्या मध्येच लाइन गेली आणि यूपीएसची बॅटरी बसलेली असेल तर सगळे पहिल्यापासून. जाहिराती घुसडणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी मालवेअरबाइट्सचे अ‍ॅडव्क्लीनर फुकट आणि चांगले आहे. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही मोफत साधने मिळतात. ज्या संगणकाचे नेटच बंद आहे, त्यासाठी ती दुसऱ्या स्वच्छ संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हने आणा. तो पेन ड्राइव्ह नंतर तसाच दुसरीकडे फिरवू नका.

तरीही टिक परत येत असेल तर 'टास्क शेड्युलर' उघडा. दर तासाला किंवा लॉगिन होताच चालणारी, नावात अर्थ नसलेली आणि 'अ‍ॅपडेटा' किंवा 'टेम्प' फोल्डरातली फाइल चालवणारी नोंद दिसली की सेटिंग पुन्हा लिहिणारा तोच. ती आधी 'डिसेबल' करा, एक दिवस पाहा, मग काढा. त्या पोर्टवर कोण बसले आहे हे पाहायचे असेल तर काळ्या खिडकीत नेटस्टॅट, जागा, आडवी रेघ आणि तिला चिकटून ए-एन-ओ. शेवटच्या रकान्यातला आकडा टास्क मॅनेजरच्या 'डीटेल्स'मधल्या पीआयडीशी (चालू प्रोग्रामच्या क्रमांकाशी) जुळवला की नाव सापडते.

इथे सेवा केंद्रवाल्यांसाठी एक सावधगिरी. या यादीत १२७.०.०.१ दिसले की ते व्हायरसच, असे नाही. आधारच्या अंगठा यंत्राची आरडी सर्व्हिस याच पत्त्यावर ११,१०० ते ११,१२० या पोर्टांत ऐकत असते आणि डिजिटल स्वाक्षरीची काही सॉफ्टवेअरही अशीच चालतात. उत्साहाच्या भरात तीच बंद केली तर नेट सुरू होईल आणि अंगठा बंद पडेल. दोष पत्त्याचा नाही, ब्राउझरची सगळी ये-जा त्या पत्त्यावरून वळवण्याचा आहे.

साफसफाई झाली की मूळ टिक. विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्ज, 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'प्रॉक्सी'. तीन गोष्टी दिसतात. 'ऑटोमॅटिकली डिटेक्ट सेटिंग्ज' चालू असते, ती तशीच ठेवा. 'युज सेटअप स्क्रिप्ट' बंद हवी. 'युज अ प्रॉक्सी सर्व्हर' बंद हवी. जुन्या विंडोजवर रन खिडकीत आय-एन-ई-टी-सी-पी-एल, टिंब, सी-पी-एल लिहा, 'कनेक्शन्स' पट्टीवर जा, खाली 'लॅन सेटिंग्ज' दाबा आणि 'युज अ प्रॉक्सी सर्व्हर फॉर युअर लॅन'समोरची टिक काढा. आधी तिथला पत्ता आणि पोर्ट कागदावर उतरवून घ्या. पुन्हा उपटला तर ओळख पटते. ब्राउझरच्या सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा उघडा. क्रोम आणि एज विंडोजचीच सेटिंग वापरतात, त्यामुळे त्यांच्यात वेगळे काही करावे लागत नाही. फायरफॉक्सचा संसार वेगळा : सेटिंग्ज, 'जनरल', अगदी तळाशी 'नेटवर्क सेटिंग्ज'. तिथे 'युज सिस्टिम प्रॉक्सी सेटिंग्ज' किंवा 'नो प्रॉक्सी' असावे. क्रोम चालते आणि फायरफॉक्स नाही, किंवा उलट, असा प्रकार असला की कारण बहुधा इथेच.

'सेटअप स्क्रिप्ट'बद्दल जास्त सांगायला हवे, कारण तिकडे कोणी पाहत नाही. ही एक छोटी फाइल असते. कोणत्या संकेतस्थळाला थेट जायचे आणि कोणत्याला प्रॉक्सीमार्फत, हे तीत लिहिलेले असते. ब्राझीलमधल्या चोरांनी बँकांच्या ग्राहकांना याच वाटेने लुटले : फक्त बँकांची नावे आपल्या सर्व्हरकडे वळवायची, बाकी सगळे थेट. यूट्यूब चालते, गुगल चालते, सातबारा निघतो, कोणाला शंका येत नाही. म्हणून नेट व्यवस्थित चालत असले तरी पैशाचे व्यवहार होणाऱ्या संगणकावर या रकान्यात पत्ता आहे का, हे पाहून ठेवा. घरच्या किंवा दुकानाच्या जोडणीवर तिथे काहीही असायचे कारण नाही.

प्रॉक्सीची ही सेटिंग संगणकाची नसते, त्या त्या यूजरची असते, आणि यातच फार फजिती होते. दुरुस्त करणारा 'अ‍ॅडमिन' नावाने आत येतो, टिक पाहतो, ती नसतेच. नेट चालते, मग तो पैसे घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी ऑपरेटर स्वतःच्या नावाने आत आला की पुन्हा अंधार. ज्याच्या नावाने बिघाड आहे त्याच्याच नावाने आत जाऊन दुरुस्ती करायची, आणि जितके यूजर तितक्यांदा.

कधी टिक राखाडी असते, हात लावू देत नाही, वर 'व्यवस्थापकाने लॉक केली' अशा अर्थाचे वाक्य असते. तेव्हा रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची आतली वही. रन खिडकीत रेजएडिट लिहा आणि पहिले काम म्हणून जी किल्ली (नोंदींचे फोल्डर) बदलणार ती 'एक्सपोर्ट' करून ठेवा. हे टाळणाऱ्यांनी पुढचे वाचूच नये. करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, इंटरनेट सेटिंग्ज या वाटेवर 'प्रॉक्सी एनेबल' असते. तिची किंमत १ असेल तर ० करा. 'प्रॉक्सी सर्व्हर' आणि 'ऑटो कॉन्फिग यूआरएल' या नोंदी असतील तर काढा. कुलूप मात्र 'सॉफ्टवेअर'खालच्या 'पॉलिसीज'मध्ये असते : मायक्रोसॉफ्ट, इंटरनेट एक्सप्लोरर, कंट्रोल पॅनेल इथे 'प्रॉक्सी' नावाची, १ किंमत असलेली नोंद. हीच वाट 'लोकल मशीन'खालीही तपासा. तिथे पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, इंटरनेट सेटिंग्जमध्ये 'प्रॉक्सी सेटिंग्ज पर यूजर' ही नोंद ० असेल तर एकच सेटिंग सगळ्या यूजरांवर लादलेली असते.

ब्राउझर सुरू झाला तरी विंडोजच्या काही सेवांची प्रॉक्सी वेगळी लिहिलेली असते. काळी खिडकी 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि नेटएसएच, जागा, विनएचटीटीपी, जागा, शो, जागा, प्रॉक्सी टाका. 'डायरेक्ट अ‍ॅक्सेस' आले तर ठीक. पत्ता आला तर त्याच आज्ञेत 'शो'च्या जागी 'रीसेट'.

कार्यालयांबाबत मात्र उलट सांगायला हवे. जिल्हा कार्यालय, बँकेची शाखा, मोठे महाविद्यालय अशा ठिकाणी प्रॉक्सी मुद्दाम लावलेली असू शकते आणि ती काढली तर नेट बंद पडेल. तिथला पत्ता १२७ ने नव्हे, बहुधा १० किंवा १९२.१६८ ने सुरू होतो. तिथे तांत्रिक माणसाला विचारल्याशिवाय हात लावू नये.

प्रॉक्सी स्वच्छ आहे, तरी एखादेच संकेतस्थळ उघडत नाही, अँटिव्हायरसचे अपडेट तर अजिबात नाही, असे असेल तर 'होस्ट्स' फाइल बघा. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम ३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरात ती असते आणि तिला .टीएक्सटीसारखे शेपूट नसते. एखाद्या नावाचा आकडी पत्ता इथे लिहिला असेल तर संगणक डीएनएसला विचारतही नाही. नोटपॅड आधी 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा, मग 'ओपन'मध्ये 'ऑल फाइल्स' निवडा, नाहीतर फाइल दिसणारच नाही. हॅशच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी नुसत्या टिपा असतात. विंडोज ७ पासून पुढे मूळ फाइलमध्ये अशा टिपांशिवाय काहीच नसते. चोर मूळ मजकुराखाली शे-दोनशे रिकाम्या ओळी सोडतात आणि मग आपल्या ओळी लिहितात. म्हणून कडेची पट्टी तळापर्यंत ओढून बघा. नको त्या ओळी काढून त्याच नावाने जतन करा. होस्ट्स डॉट टीएक्सटी असे नाव पडले तर बदल लागूच होत नाही, आणि ही चूक इतकी सर्रास होते की पहिली शंका तीच घ्यावी. अँटिव्हायरस कंपन्यांची नावे १२७.०.०.१ किंवा ०.०.०.० ला बांधलेली असतील तर अपडेट का होत नव्हते, तेही कळते.

डीएनएससाठी रन खिडकीत एन-सी-पी-ए, टिंब, सी-पी-एल. चालू जोडणीवर उजवी क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४', पुन्हा 'प्रॉपर्टीज'. खाली अनोळखी आकडे असतील तर 'ऑब्टेन डीएनएस सर्व्हर अ‍ॅड्रेस ऑटोमॅटिकली' करा, किंवा ओळखीचे टाका : गुगलचे ८.८.८.८, क्लाउडफ्लेअरचे १.१.१.१, क्वाड नाइनचे ९.९.९.९. व्हर्जन ६ मध्येही तेच तपासा, ते नेहमी विसरले जाते. मग काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, जागा, तिरपी रेघ, फ्लशडीएनएस. नाहीतर जुना चुकीचा पत्ता काही काळ लक्षात राहतो.

एकाच वायफायवरचे सगळे मोबाइल आणि संगणक एकसारखे भरकटत असतील तर संगणक खोलण्यात वेळ घालवू नका. राउटरचा डीएनएस बहुधा बदललेला आहे. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकून आत जा. पासवर्ड अजून 'अ‍ॅडमिन' असेल तर चोर आला कसा, हे वेगळे सांगायला नको. डीएनएस दुरुस्त करा, पासवर्ड बदला, 'रिमोट मॅनेजमेंट' बंद करा. फायबरच्या डब्याचे मागचे छिद्र पिनने दाबून रीसेट करण्याआधी मात्र सेवा देणाऱ्याला फोन करा. त्यातले यूजरनेम पुसले गेले तर तो माणूस गावात येईपर्यंत वाट बघावी लागेल.

ब्राउझरचे स्वतःचे रोग थोडक्यात. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधला 'टार्गेट' बघा. क्रोम डॉट ईएक्सईच्या अवतरणचिन्हापुढे संकेतस्थळाचा पत्ता किंवा 'प्रॉक्सी सर्व्हर' असे शब्द असतील तर तेवढे खोडा. ओळखीची नसलेली एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर) काढा, फुकटची व्हीपीएन आधी. घरच्या संगणकावर क्रोम 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' म्हणत असेल तर पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा, पॉलिसी टाकून कोणते नियम लादले आहेत ते पाहा; काही अँटिव्हायरसही असे नियम लावतात, म्हणून नाव वाचून मगच काढा. क्रोमच्या 'रीसेट सेटिंग्ज'ने एक्स्टेन्शन्स बंद पडतात आणि कुकी जातात. बुकमार्क, इतिहास आणि साठवलेले पासवर्ड राहतात, तेव्हा घाबरायचे कारण नाही. स्वाक्षरीसाठी लागणारे एक्स्टेन्शन असेल तर ते पुन्हा चालू करावे लागेल एवढेच.

प्रॉक्सी काढली, पण तिच्यासोबत एखादे बनावट मूळ प्रमाणपत्र (ज्याच्या भरवशावर ब्राउझर संकेतस्थळाची ओळख खरी मानतो ते) आले असेल तर ते मागे उरते. कुलूप लावलेली पानेही वाचता यावीत म्हणून काही सॉफ्टवेअर ते विंडोजमध्ये बसवतात, आणि मग ब्राउझर तक्रारच करत नाही. बँकेचे पान उघडून पत्त्याशेजारच्या चिन्हावरून प्रमाणपत्र कोणी दिले ते वाचा. तिथे अँटिव्हायरसचे नाव दिसले तर ते त्याच्या वेब तपासणीमुळे असू शकते. भलतेच नाव असेल तर सर्टएमजीआर डॉट एमएससी उघडून 'ट्रस्टेड रूट'मध्ये ते शोधा आणि तेवढे एकच काढा. सीसीए इंडियाच्या नावाची प्रमाणपत्रे आपल्या डिजिटल स्वाक्षरीची आहेत, त्यांना हात नको. याच्या उलट, प्रत्येक संकेतस्थळावर 'कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' येत असेल तर आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल संपला की लाइन गेल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि सगळी प्रमाणपत्रे खोटी ठरतात. सेल बदलला, तारीख लावली, काम झाले. यासाठीही फॉरमॅट मारणारे आहेत.

एवढ्यानेही जमले नाही तरच नेटएसएच, जागा, विनसॉक, जागा, रीसेट, आणि मग संगणक पुन्हा सुरू करणे. नेटच्या वाटेत घुसवलेले जुने अडसर त्याने निघतात. एखादे व्हीपीएन किंवा अँटिव्हायरस पुन्हा बसवावे लागू शकते. नेटएसएच, इंट, आयपी, रीसेट ही आज्ञा त्याहून जड आहे. हाताने टाकलेला कायमचा आयपी पत्ता तिने जातो, म्हणून आधी पत्ता, सबनेट आणि गेटवे लिहून घ्या. सेटिंग्जमधला 'नेटवर्क रीसेट' सर्वांत शेवटी. त्याने वायफायचे पासवर्डही विसरले जातात आणि पाच मिनिटांत संगणक आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होतो. रांगेतला अर्ज अर्धवट भरलेला असताना ते करू नका.

हे सगळे येते कुठून? आमच्या भागात ठरलेल्या वाटा आहेत. फुकटचे ऑफिस आणि ते 'अ‍ॅक्टिव्हेट' करणारी फाइल, पासपोर्ट फोटोसाठी क्रॅक केलेले फोटोशॉप, कुठल्याशा पानावरून उतरवलेले मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर, पीडीएफ लहान करण्याची फुकट साधने, 'ड्रायव्हर अपडेटर' आणि 'तुमचा क्रोम जुना झाला' म्हणणारी खिडकी. जी फाइल चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगते, तिचा हेतू तिनेच सांगितलेला असतो. टायपिंगसाठी तर काही उतरवायची गरजच नाही. विंडोजच्या 'लँग्वेज' सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड फुकट आहे. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले आणि क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तरी अशा संगणकांवर लोकांचे आधार क्रमांक रोज टाइप होतात.

पासवर्ड शेवटी, आणि आधी स्वच्छ मोबाइलवरून : ईमेल, बँक, पोर्टल, या क्रमाने. 'सगळीकडून लॉग आउट' हा पर्याय असेल तिथे तो वापरा. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा पिनही बदला, पण तो साफ झालेल्या संगणकावरच. पैसे गेले असतील तर दुरुस्तीत वेळ न दवडता लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. त्या संगणकावरचे संदेश, प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट यांचे मोबाइलने फोटो काढून मगच सफाईला लागा. फॉरमॅट झाल्यावर पोलिसांना दाखवायला काही उरत नाही.

दुकानदारांना एक विनंती आहे. बिलावर नुसते 'सॉफ्टवेअर रिपेअर' न लिहिता काय सापडले आणि काय बदलले, ते दोन ओळींत लिहून द्यावे : प्रॉक्सी पत्ता अमुक, होस्ट्समधून इतक्या ओळी काढल्या, डीएनएस आपोआपवर ठेवला. पुढच्या वेळी गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेले तरी तिथल्या माणसाला सुरुवात कुठून करायची ते कळेल.

आपले,
ग्रामीण भागात संगणक दुरुस्तीचे काम करणारे काही जण,
दारव्हा–आर्णी परिसर, जि. यवतमाळ